सुकटीचा पंचनामा

मुलींच्या वसतिगृहाची प्रतिनिधी म्हणून प्राप्ती म्हात्रे निवडून आली, तेव्हा तिला दोन वस्तू मिळाल्या. एक, ओढणीला लावायचा पितळी बिल्ला, ज्याची पिन मागच्याच प्रतिनिधीने वाकवून ठेवली होती. दुसरी, नियमपुस्तिका. पुस्तिकेत 'प्रतिनिधीची कर्तव्ये' या मथळ्याखाली एकतीस कलमं होती. टाकीत पाणी आहे का बघणे, नसल्यास कळवणे. हजेरी घेणे. भांडण मिटवणे, न मिटल्यास कळवणे. आजारी मुलीला दवाखान्यात नेणे, बरी झाल्यास कळवणे. पुढच्या पानावर 'प्रतिनिधीचे हक्क' असा ठसठशीत मथळा होता आणि त्याखाली छापखान्याचा पत्ता.

दुसरी एखादी इथेच सावध झाली असती. पण प्राप्ती ही पेणजवळच्या नामा म्हात्र्यांची थोरली लेक. नामाशेठचे तीन ट्रक होते आणि ते स्वतः ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोनदा पडले होते, त्यातून एकदा फक्त अकरा मतांनी. त्यामुळे लेक ब्याऐंशीपैकी त्रेपन्न मतं घेऊन आली म्हटल्यावर त्यांनी गावभर पेढे वाटले. आता बापाने पेढे वाटल्यावर लेकीने नुसतं टाकीत डोकावत बसायचं म्हणजे काय? काहीतरी भरीव काम करायला हवं होतं. विचार करकरून तिने भरीव काम म्हणून मुंग्या निवडल्या.

मुंग्या होत्याच. पाऊस लागला की त्या वसतिगृहात येत आणि दिवाळीपर्यंत राहत. फी न भरता राहणाऱ्या त्या एवढ्याच. उशीत मुंग्या, वहीत मुंग्या, एकीच्या तर केसांच्या तेलात मुंग्या. उपाय सगळ्यांकडे होते. खोलीतली हेमाली म्हणाली हळद टाक. जेवण करणाऱ्या कमळमावशी म्हणाल्या कापूर जाळ. प्राप्तीने दोन्ही केलं. हळदीने फरशी पिवळी झाली, कापराने देवळात आल्यासारखं वाटायला लागलं, आणि मुंग्या भाविकांसारख्या रांगेने येत राहिल्या. शिपाई दयारामभाऊंनी बराच वेळ त्या रांगेकडे पाहून मत दिलं, "मुंग्या न्हाय जात. आपन जायाचं."

पण प्राप्ती शास्त्र शाखेची. कारण शोधल्याशिवाय उपाय नाही, हे तिला पाठ होतं. कारण उघडच होतं: मुलींच्या ट्रंकांत लपवलेला घरचा खाऊ. तिने रेक्टरना सुवाच्य अक्षरात अर्ज दिला की, येत्या रविवारी सर्व ट्रंका उघडून तपासाव्यात.

रेक्टर कोकिळा मॅडमनी अर्ज दोनदा वाचला. अकरा वर्षांच्या नोकरीत आमच्या ट्रंका तपासा असं मुलींनी आपणहून कधी म्हटलं नव्हतं. "अशी प्रतिनिधी हवी!" त्या म्हणाल्या, आणि प्राप्ती दिवसभर तरंगत राहिली. पायावर धोंडा पाडून घेणारी माणसं पुष्कळ असतात. धोंडा आणायची लेखी परवानगी मागणारी थोडी.

रविवारी ब्याऐंशी ट्रंका उघडल्या. लाडू निघाले, चिवडा निघाला, एका मुलीकडे अख्खा फणस निघाला. तो तिने ट्रंकेत कसा घातला हे तिलाही सांगता येईना. कोकिळा मॅडम प्रसन्न होत्या. मग पाळी आली नूतन शिगवणची.

नूतन पहिल्या वर्षाची. दिघीपासून बरंच आत, डोंगराच्या पोटात तिचं गाव. महिन्याभरात ती एकूण चार-पाच वाक्यं बोलली असेल. तिच्या ट्रंकेत दोन ड्रेस, पुस्तकं, एक गोधडी आणि तळाशी फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा होता. प्राप्तीने स्वतःच्या हाताने फडकं सोडलं, झाकण उघडलं आणि वास खोलीभर झाला. आत सुकट होती, उन्हात वाळवलेला बारीक जवळा. साऱ्या वसतिगृहात मुंगी न लागलेला तो एकच डबा.

कोकिळा मॅडम सांगलीकडच्या. समुद्रावर त्यांचा फार जीव, पण समुद्रातून जे बाहेर येतं त्यावर मुळीच नाही. पदर नाकाला लावून त्या म्हणाल्या, "कलम सतरा."

कलम सतरा असं होतं: वसतिगृहात मांसाहारी पदार्थ आणणे, ठेवणे, शिजवणे अथवा खाणे हा गंभीर गुन्हा असून दोषीचा वसतिगृह प्रवेश रद्द होईल.

"मी खाल्ली न्हाय, मॅडम," नूतन म्हणाली. हे तिचं त्या महिन्यातलं बहुधा सहावं वाक्य. "आगोटीला कोळीण आली व्हती. आयेनं भात दिलान नि ही घेतलान. जाताना बांधून दिलान मला. घरची याद आली का झाकान उघडून नुसता वास घेतंय मी."

प्राप्तीने झाकण परत लावलं. आगोट म्हणजे पावसाच्या तोंडावरची बेगमी. ती तिच्याही घरी व्हायची. नूतनच्या आईने, आवडाबाई शिगवण यांनी, घरच्या भातातलं पायलीभर मोजून ही सुकट घेतली असणार, आणि त्यातली अर्धी लेकीला दिली असणार. प्रवेश रद्द झाला तर नूतनने काय करायचं? रोज घरून यायचं तर गावातून एसटीने दिघी, दिघीहून फेरीबोटीने आगरदांडा, पुढे रिक्षा. आणि वारा फिरला की फेरीबोट बंद. वसतिगृह गेलं की कॉलेज गेलं, इतका सरळ हिशेब होता. आणि हे सगळं कशामुळे? प्राप्ती म्हात्रेला भरीव काम करायचं होतं म्हणून! तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने बिल्ला काढून खिशात टाकला. मग पुन्हा लावला. ज्या बिल्ल्याने घाण केली, त्यानेच ती निस्तरायला हवी.

कोकिळा मॅडमनी नोटीस काढली. रेक्टर, प्राचार्य आणि एक स्थानिक सदस्य अशा तिघांची शिस्तपालन समिती पूर्ण हजेरीत बसेल, निर्णय होईल. तोवर पुरावा रेक्टरच्या कपाटात राहील आणि कलम चोवीसप्रमाणे अहवालावर प्रतिनिधीची सही लागेल. प्रतिनिधीच्या सहीशिवाय निर्णय नाही, आणि निर्णयाशिवाय पुरावा हलवायचा नाही.

"मी सही करणार नाही," प्राप्ती म्हणाली.

"ते तुझं कर्तव्य आहे."

"हो मॅडम. करणार नाही."

आता पंचनामा. मॅडमनी लिहिलं, 'मासे, अंदाजे अर्धा किलो', आणि पंच म्हणून दयारामभाऊंना बोलावलं. दयारामभाऊ कागद वाचून उभेच राहिले.

"यावर सही न्हाय व्हायची, मॅडम. हे मासे न्हायत."

"मग काय आहे?"

दयारामभाऊंनी डब्यातली चिमूटभर उचलली, तोंडात टाकली, डोळे मिटले. "सुकट हाय. बरी हाय. वाळू न्हाय."

एवढ्यात याच समितीचे स्थानिक सदस्य चंदरशेठ भगत डंपरच्या कामाने कॉलेजात आले होते, ते वास घेत आत आले. त्यांनीही चिमूट घेतली. "सुकट कसली रे दयाराम? करंदी हाय ही. साईज बघ, जवल्याहून मोठी."

"करंदी आसली तर मी नाव बदलीन, शेठ."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. दागिना हातात घेतला की सोनार तो कसाला लावतो. सुकट समोर आली की या किनाऱ्यावरचा माणूस ती तोंडात टाकतो. तो खात नसतो. तो बघत असतो. मीठ किती, वाळू किती, ऊन पुरतं लागलंय की नाही, हे डोळ्यांना कळत नाही, जिभेला कळतं. त्यामुळे आपण पुरावा खातोय असं त्या दोघांच्या स्वप्नातही आलं नाही. ते मन लावून तपास करत होते.

कोकिळा मॅडमनी शेवटी 'मासळीवर्गीय सुकी वस्तू' असं लिहून सुटका करून घेतली. प्राप्तीने मात्र बाहेर जाऊन वडिलांना फोन लावला. ते कुठल्याशा नाक्यावर गाडी पास व्हायची वाट बघत होते.

"सही केलीस का?" नामाशेठनी आधी एवढंच विचारलं.

"नाही, बाबा."

"शाबास. आता आयक. माल दुसऱ्याचे ताब्यान गेला ना, का पयला वजन करायचा. मंग जो हात लावल त्याची सही घ्यायची. तीस वरसां गाड्या चालवतंय मी. सामान वाटंन कमी व्हतंच."

प्राप्तीने रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून काटा आणला. डबा वगळून सुकट भरली पाचशे बारा ग्रॅम. तिने एक नोंदवही केली: तारीख, डबा कोणी उघडला, कारण, आधीचं वजन, नंतरचं वजन, सही. ही वही तिने कपाटातच डब्यावर ठेवली. कॉलेजातल्या माणसाला न वाचता सही करायची इतकी सवय असते की, वहीत रकाना दिसला की हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जातो.

समितीच्या पहिल्या तारखेला प्राचार्य विद्यापीठात गेलेले, म्हणून गणसंख्या भरली नाही. पण चंदरशेठ आले होते, आणि आलेला माणूस रिकामा कसा जाईल? सुकट की करंदी हा मुद्दा अजून लोंबकळत होता. त्यांनी तज्ज्ञांचं मत घ्यायचं ठरवलं. तज्ज्ञ म्हणजे त्यांची ठमीआजी, वय वर्षं शहाऐंशी. कागदात नमुना बांधला, वहीत 'तज्ज्ञाकडे' असं लिहिलं, झोकात सही केली. वजन तीनशे शहाण्णव. चार दिवसांनी तज्ज्ञांचं मत तोंडी आलं: कांद्यात चांगली लागते.

दुसऱ्या तारखेला प्राचार्य आले, तर चंदरशेठचा डंपर चिखलात रुतलेला. प्राचार्य दिवेआगरचे. डॉक्टरांनी मीठ तोडल्यापासून त्यांच्या घरात सुक्या मासळीला बंदी होती. पुराव्याचा अभ्यास करायचाय म्हणून त्यांनी दार लोटून घेतलं आणि अर्धा तास अभ्यास केला. कारण: 'अवलोकन'. वजन तीनशे दहा. पुढे एका दमट दिवशी बुरशी येऊ नये म्हणून दयारामभाऊंनी डब्याला हवा दाखवली. वजन दोनशे बासष्ट. इतकी हवा सुकटीला आजवर कुणी दाखवली नसेल.

दरम्यान ऑफिसची दशा झाली. त्याच कपाटात रजेचे अर्ज आणि दाखले होते. एका मुलीचा दाखला शिष्यवृत्तीच्या कार्यालयातून परत आला, सोबत शेरा: 'अर्जासोबत काही वस्तू जोडली आहे काय?' दाराबाहेर तीन मांजरं भेटीची वेळ घेतल्यासारखी बसू लागली. कोकिळा मॅडमचं जेवण तुटलं.

"प्राप्ती, सही कर गं बाई," त्या एक दिवस अक्षरशः हात जोडून म्हणाल्या. "सही केलीस की निर्णय होईल, आणि हे बाहेर जाईल."

"नूतनची नोटीस मागे घ्या, मॅडम. आत्ता बाहेर जाईल."

"नियम मी केलेला नाही."

"मी पण नाही."

सल्ल्यांना तोटा नव्हता. हेमाली म्हणाली, सही कर नि मागाहून माफी माग. कमळमावशी म्हणाल्या, आजारी पड. वर्गातल्या प्रणयने तर, त्याला कुणी विचारलं नसताना, वेगळीच सही करायची युक्ती सांगितली. प्राप्तीने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि कुणाचंच केलं नाही. सर्वांत बोचलं ते मुलींनी तिला 'मुंगीताई' म्हणायला सुरुवात केली ते. त्रेपन्न मतांची पुढारी, आणि मुंगीताई! पण नूतन रोज तिच्या ताटाशेजारी ताट घेऊन बसायची. त्या बसण्याने प्राप्तीला आणखीच चेव यायचा. होऊ दे काय व्हायचं ते, पण ही पोर इथून जाणार नाही.

तिसऱ्या तारखेला प्राचार्य आणि चंदरशेठ दोघेही हजर होते, पण कोकिळा मॅडम डोकेदुखीने झोपून होत्या. दोन सदस्यांनी मिळून संयुक्त पाहणी केली. वजन एकशे अठ्ठेचाळीस.

"पुढची तारीख श्रावण लागायचे आत घ्या हां," चंदरशेठ जाता जाता म्हणाले. "नंतर मना पाहणी जमायची नाय."

चौथी तारीख श्रावणाच्या चार दिवस आधी, सकाळी अकरा वाजता. सगळे होते. टेबलावर डबा, समोर टाइप केलेला अहवाल, खाली प्राप्तीच्या नावापुढे रिकामी जागा. नूतन भिंतीला टेकून उभी होती. तिची ट्रंक बांधून तयार आहे, हे प्राप्तीने सकाळीच पाहिलं होतं, आणि ते पाहिल्यापासून तिच्या डोक्यात नुसता जाळ होता.

"सही करा," प्राचार्य म्हणाले. "प्रकरण फार लांबलंय."

"लांबलंय कुठे, सर? आखूड झालंय," प्राप्ती म्हणाली आणि तिने काटा टेबलावर ठेवला. डब्यातली सुकट काढून तोलली. मग वही उघडून मोठ्याने वाचायला लागली. "पंचनाम्यानंतर पाचशे बारा ग्रॅम. आज एकशे अठ्ठेचाळीस. तीनशे चौसष्ट ग्रॅम पुरावा समितीने खाल्ला. ही कारणं, या तारखा, या सह्या. हे ऑफिस वसतिगृहाच्या इमारतीत आहे. कलम सतरा, आणणे, ठेवणे, शिजवणे अथवा खाणे. नूतनने नुसता वास घेतला. वासाबद्दल कलमात काही नाही."

दयारामभाऊ छताकडे बघायला लागले.

"ते... तपासकार्य होतं," चंदरशेठ म्हणाले.

"तुमची आजी समितीवर आहे का, शेठ?"

"हा उद्धटपणा आहे!" प्राचार्य लाल झाले. "प्रतिनिधीचं काम प्रशासनाला मदत करण्याचं असतं!"

"एकतीस कलमं पाठ आहेत मला, सर. मदत करते, कळवते, हजेरी घेते. पण माझ्या एका मूर्खपणापायी या पोरीचं शिक्षण जाणार असेल, तर मी सही करणार नाही. आज नाही, उद्या नाही. मला काढा, नवी निवडा. तिलाही मी हेच सांगणार."

तिचा आवाज शेवटी फाटला. तिने वही मात्र सोडली नाही.

प्राचार्यांनी चष्मा पुसला, पाणी प्यायलं आणि मधला मार्ग काढला. मधला मार्ग काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. "ठीक आहे. पुरावा... अपुरा आहे. प्रवेश तूर्त रद्द करू नये. नोटीस ताकीद म्हणून राहील. आणि ही वस्तू मुलीने ताबडतोब घरी परत न्यावी."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला.

"घरी न्हाय नेणार, सर," नूतन म्हणाली. "डबा भरून दिलान व्हता आयेनं. ती इचारंल, बाकीची कुनी खाल्ली? नावं सांगू?"

प्राचार्यांनी चंदरशेठकडे पाहिलं. चंदरशेठनी दयारामभाऊंकडे पाहिलं. दयारामभाऊंना छताशिवाय कुणी नव्हतं. आणि या सगळ्यांच्या मध्ये कोकिळा मॅडम उभ्या राहिल्या. इतके दिवस वासात जगलेली, जेवण तुटलेली, नियम खरोखर पाळणारी ती एकटी बाई. तिचा चेहरा असा झाला होता की प्राप्ती मागे सरकली.

"म्हणजे नियम तुम्ही मोडायचा," त्या प्राचार्यांना म्हणाल्या, "आणि वास मी घ्यायचा?"

"मॅडम, तसं नाही..."

"अभ्यास! अवलोकन! आणि मी या पोरीला काढायला निघाले होते!" त्यांनी नोटीस उचलली आणि फाडली. चार तुकडे केले, ते कमी वाटले म्हणून आठ केले. मग ताकीद म्हणून ठेवायला काहीच उरलं नाही.

त्याच आठवड्यात सूचनाफलकावर रेक्टरच्या सहीचा कागद लागला. दर बुधवारी मागच्या पडवीत, दारं-खिडक्या उघड्या ठेवून, सुकी मासळी शिजवण्यास हरकत नाही. त्या वेळेत रेक्टर समुद्रावर फिरायला जातील.

पहिल्याच बुधवारी, श्रावण लागायच्या आत, कमळमावशींनी कांदा, लसूण आणि कोकम घालून उरलेली सुकट केली. एकशे अठ्ठेचाळीस ग्रॅम ती, तीस-पस्तीस मुलींना कितीशी पुरणार? पण नूतन स्वतः वाढत होती, प्रत्येकीच्या भाकरीवर चमचाभर, आणि चक्क बडबडत होती. प्राप्तीच्या ताटात तिने दोन चमचे घातले.

तेवढ्यात दयारामभाऊ आले. हातात प्राचार्यांचं पत्र. समितीसमोर केलेल्या उद्धट वर्तनाबद्दल कु. प्राप्ती नामा म्हात्रे यांना प्रतिनिधीपदावरून मुक्त करण्यात येत आहे. पत्र मिळाल्याची पोच म्हणून सही करावी; सहीच्या दिनांकापासून आदेश लागू होईल.

नूतनचा चमचा हवेतच राहिला. प्राप्तीने पत्र दुरूनच वाचलं. मग तिने उजवा हात वर करून दाखवला, पाचही बोटं मसाल्याने माखलेली.

"हात खरकटा आहे, दयारामभाऊ."

"मंग मी थांबतो."

"थांबा की. पण उभे कशाला? बसा. नूतन, भाऊंना पान वाढ."

दयारामभाऊंनी एकदा पत्राकडे पाहिलं, एकदा टोपाकडे. मग पत्र मांडीखाली सारलं आणि भाकरी मोडली. थोड्या वेळाने त्या पडवीत पत्र धरायलाही एकाचा हात मोकळा राहिला नाही.